न चाखलेलं सूप

सुचित्राला घरात बसवत नव्हतं. हे काही त्या आठवड्यातलं नाही, ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाला आल्यापासूनचंच, पण त्या आठवड्यात तिने कहर केला. सोमवारी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, पुसले आणि होते तसेच परत लावले. मंगळवारी पडदे धुतले. बुधवारी धुण्यासारखं आणखी काही सापडेना, तेव्हा मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली, आत आली, पुन्हा बाहेर गेली. पद्माकर त्या दिवशी घरून काम करत होता. बायकोच्या या येरझारा बघून बघून तो वैतागला. "एका जागी बस की गं, मला चक्कर येतेय," तो म्हणाला. ती बसली नाही.

कारण तसंच होतं. रविवारी तिने कोपऱ्यावरच्या चर्चमधल्या सगळ्या माणसांना खारट सूप पाजलं होतं.

आता पुण्याच्या कोथरूडची, घरी गणपती बसवणारी बाई चर्चमध्ये सूप ढवळायला गेलीच कशाला, असं कुणीही विचारेल. सुचित्राच्या आईनेही फोनवर विचारलं होतं. खरं उत्तर अगदी साधं होतं. ते चर्च चालत जाता येईल इतक्या अंतरावर होतं. टूवूंबात गाडी नसेल तर माणूस पांगळाच, बस येते पण तिच्या मनात येईल तेव्हा. सुचित्राने गाडी शिकायचा प्रयत्न एकदाच केला, त्यात शेजाऱ्यांची पत्रपेटी आडवी झाली आणि तिने किल्ली पद्माकरच्या हातात देऊन विषय संपवला. पद्माकर इथल्या हॉस्पिटलात इंजिनियर. एक्स-रेपासून व्हेंटिलेटरपर्यंत सगळी यंत्रं चालू ठेवायची, हे त्याचं काम आणि तेच त्याचं सुख. लेक मिताली युनिव्हर्सिटीसाठी ब्रिस्बेनला गेली आणि घरात सुचित्राला कुणाशी भांडावं तेही कळेना. पायी जाता येईल अशी तीनच ठिकाणं होती: एक बाग, एक पेट्रोल पंप आणि ते लाल विटांचं चर्च. बागेत चालून चालून बुटांना तिथली तांबडी माती कायमची चिकटली होती. पेट्रोल पंपावर तरी किती वेळ उभं राहणार?

तिला खरं तर सिडनीला जायचं होतं. तिची कॉलेजातली मैत्रीण मयूरा तिथल्या केलीव्हिलला राहायची. तिच्या गल्लीतच चार मराठी घरं, मंडळाचा गणपती, ढोलपथक, दिवाळी पहाट, शिवाय हवी तेव्हा मिळणारी कढीपत्त्याची जुडी. मयूरा हे सगळं फोनवरून रसभरीत सांगायची आणि फोन ठेवल्यावर सुचित्रा पद्माकरच्या मागे लागायची. चार वर्षं तिने त्याचं डोकं खाल्लं. शेवटी त्याने कंटाळून सिडनीच्या एका हॉस्पिटलात अर्ज केला, आणि गेल्या महिन्यात त्यांनी त्याला चक्क बोलावलं. तिला आनंद होईल म्हणून तो लगेच सांगायला आला तर ही म्हणाली, "बघू." पद्माकर तिच्याकडे बघतच राहिला.

त्या 'बघू'च्या मागे ते चर्च होतं. हे तिने त्याला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःलाही धडपणे सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी ती चर्चवरून चालली होती. बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं की आज जेवण आहे, कुणीही यावं, मदतीला हात हवे आहेत. 'कुणीही' म्हणजे आपणही का, या विचारात तिने त्या फळ्यावरून तीन चकरा मारल्या. तेवढ्यात हॉलच्या दारातून एक उंच, हाडकुळी, पंचाहत्तरी ओलांडलेली बाई बादली रिकामी करायला बाहेर आली. "यायचं असेल तर आत ये," ती म्हणाली, "दार उघडं राहिलं की गरम हवा बाहेर जाते." ही ग्लेनिस. तिचं स्वागत म्हणतात ते एवढंच.

आत गेल्यावर ग्लेनिसने तिला धर्म विचारला नाही, देश विचारला नाही, व्हिसाही विचारला नाही. बटाटे सोलता येतात का, एवढंच विचारलं. त्या दिवशी सुचित्राने घमेलंभर बटाटे सोलले. दर गुरुवारी तिथे आसपासची एकटी म्हातारी माणसं जेवायला यायची, आणि पश्चिमेकडच्या लांबच्या शेतांवरून रुग्णाला हॉस्पिटलात घेऊन आलेले, गावात कुणी ओळखीचं नसलेले नातेवाईक यायचे. मर्व नावाचा एक टकला आजोबा जेवणाआधी उभा राहून दोन ओळींची प्रार्थना म्हणायचा, सगळे मान खाली घालायचे, आणि सुचित्राचेही हात आपसूक जोडले जायचे. जोडलेले हात बघून कुणी हसलं नाही. भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की आल्यापासून आपण एकदाही घड्याळ बघितलं नाही.

मग ती दर गुरुवारी जाऊ लागली, पुढे रविवारीसुद्धा. रविवारी मंडळी आत प्रार्थनेला बसली की ती आणि ग्लेनिस हॉलच्या स्वयंपाकघरात चहाची तयारी करायच्या. भिंतीपलीकडून गाणी ऐकू यायची. सुचित्रा आत कधी गेली नाही, ते आपलं नाही हे तिला माहीत होतं. पण कप मांडता मांडता तिला त्या गाण्यांच्या चाली पाठ झाल्या. ख्रिसमसनंतर ग्लेनिसने तिच्या हातात हॉलची किल्ली ठेवली. "मला कधी उशीर झाला तर," इतकंच म्हणाली. सुचित्राने ती किल्ली पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवली आणि घरी जाईपर्यंत वाटेत दोनदा काढून पाहिली. या देशात तिला कुणी दिलेली ती पहिली किल्ली होती.

पद्माकर चिडवायचा. "गाडी शिकायची नाही, म्हणून देव बदललास?" म्हणायचा. ती त्याला उत्तर द्यायची नाही, कारण हा प्रश्न तिला स्वतःलाच अधूनमधून टोचायचा.

तर तो रविवार. मार्च महिना, चर्चमध्ये सुगीचा सण. पीक हाती आलं की त्यातलं पहिलंवहिलं आणून देवापुढे मांडायचं आणि त्याचे आभार मानायचे, मग सगळ्यांनी हॉलमध्ये एकत्र जेवायचं, अशी इथली रीत. सुचित्रा सकाळी लवकर उठली, नाहली, इस्त्रीचा कुर्ता घातला. पद्माकरने चहा पुढे केला तर म्हणाली, "नको, आल्यावर घेईन."

"उपास आहे का आज?"

"छे. उपास कसला?"

तिला खरंच माहीत नव्हतं. नुसतं घ्यावंसं वाटलं नाही, एवढंच.

हॉलमधून चर्चमध्ये जायला एक मधलं दार होतं. ते त्या दिवशी उघडं होतं, आणि सुचित्राने पहिल्यांदाच आत नीट पाहिलं. वेदीवर भोपळे रचले होते, घरचे पाव, मुरंब्याच्या बरण्या, अंडी आणि या सगळ्याच्या मागे उभी केलेली ज्वारीची कणसं. चांगली टपोरी, तांबूस दाण्यांची. ती दारातच थबकली. इतकी वर्षं या देशात राहून ज्वारी तिला दिसली ती इथे, आणि तीही देवापुढे.

"ज्वारी," ती ग्लेनिसला म्हणाली. "आम्ही याच्या भाकरी करतो."

"आम्ही गुरांना घालतो," ग्लेनिस म्हणाली. "चल, मला ओव्हनमध्ये स्कोन लावायचेत. सुपाचं आज तू बघ."

आजवर सुचित्राच्या वाट्याला सोलणं, चिरणं आणि घासणं यायचं. पातेलं ग्लेनिसच्या ताब्यात असायचं. आज पहिल्यांदाच पातेलं तिच्या हाती आलं, आणि केवढं पातेलं! तिने भोपळा शिजवला, घोटला, मिरपूड घातली, आलं किसून घातलं. भिंतीपलीकडे गाणी सुरू झाली होती. तिने मुठीत मीठ घेतलं, डोळ्यांनी अंदाज घेतला, नेहमीच्या सवयीने घातलं, ढवळलं आणि झाकण ठेवलं. ग्लेनिसने आधीच पातेल्यातल्या पाण्यात खारट स्टॉक पावडर घालून ठेवली होती, हे तिला माहीत नव्हतं. माहीत असायची गरजही नव्हती. एक चमचा तोंडात घातला असता तर कळलं असतं.

सूप वाढलं गेलं. मर्वने पाण्याचा जग आपल्याकडे ओढला. मग कुणाची तरी छोटी मुलगी स्पष्ट आवाजात म्हणाली की हे समुद्रासारखं लागतंय. तिच्या आईने तिला गप्प केलं.

ग्लेनिसने एक चमचा घेतला, खाली ठेवला आणि विचारलं, "तू चाखलं नव्हतंस?"

"नाही."

"का?"

सुचित्राने हातातला डाव खाली ठेवला. मंडळी भली होती. "नो वरीज, लव्ह," म्हणाली, पाव आणि स्कोन खाऊन उठली. कुणी चिडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ग्लेनिसने ते अख्खं पातेलं उचलून सिंकमध्ये ओतलं, तिच्याकडे न बघता. सुचित्रा भांडी न घासता मागच्या दाराने बाहेर पडली आणि जवळजवळ धावतच घरी आली. त्या संध्याकाळी ती पद्माकरला म्हणाली, "सिडनीला हो म्हणून टाक."

"नक्की?"

"चार वर्षं तेच तर म्हणतेय."

त्याला गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. म्हणून सोमवारी डबे, मंगळवारी पडदे आणि बुधवारी अंगण. लाज तर होतीच. चार लोकांत शोभा झाली की कुणालाही वाटेल तशी. पण लाज माणसाला कोपऱ्यात बसवते, आणि हिचा तर पाय ठरत नव्हता. काहीतरी दुसरंच तिला कुरतडत होतं आणि ते काय, ते सापडत नव्हतं. ते शोधून दिलं मयूराने, अगदी हसत हसत.

"चर्चच्या लोकांना खारट सूप?" मयूरा फोनवर म्हणाली. "शाब्बास. मला वाटलं होतं तू बाटतेस की काय, तर तू त्यांनाच पळवून लावलंस. बरं झालं. आता या गुपचूप इकडे. आमच्या कोपऱ्यावरच एक घर रेंटला निघतंय."

"हो. येतोय."

"पण मला सांग, तू चाखलं कसं नाहीस? तुला तर सारखं तोंडात टाकायची सवय. गेल्या गणपतीत मोदकाचं सारण दोनदा चाखलंस की. मी व्हिडिओ कॉलवर होते, मी पाहिलंय. मी म्हटलं पण, अगं, नैवेद्याचं आहे ते, उष्टं करतेस काय. तर तू म्हणालीस, त्याला चालतं."

सुचित्राने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आहेस ना?"

"ठेवते मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नैवेद्याचं चाखायचं नसतं. देवाला आधी, मग आपल्याला. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं आणि कधीच सुटून गेलं होतं. इथे आल्यावर कोण बघतंय म्हणून सुटलं, मग सवयीने सुटलं. घरचा देव फ्रीजशेजारच्या फळीवर होता. त्याला रोज दिवा लागायचा, पण तोही दात घासता घासता. आणि रविवारी? आंघोळ करून, चहासुद्धा न घेता, इस्त्रीचे कपडे घालून ती गेली होती. मिठाचा अंदाज डोळ्यांनी घेतला होता. ज्वारीची कणसं पाहिल्यापासून तिच्या मनाने ते सूप नैवेद्याचं धरलं होतं आणि तिला विचारलंही नव्हतं.

ती फळीसमोर जाऊन उभी राहिली. गणपती होता तिथेच होता, शेजारी चहाचा डबा. घरच्या देवाला उष्टं चालवून घेतलं आणि परक्याकडे जाऊन सोवळं पाळलं, म्हणजे आपण नक्की कुणाच्या झालो, हा तो प्रश्न होता. तिला भीती वाटली. गणपती रागावेल ही नव्हे, तो रागावत नाही. आपण कुठल्याच दारातल्या उरलो नाही, ही. तिकडे तोंड काळं केलं, इकडे आधीच पाठ फिरवलेली. ती रात्रभर कूस बदलत राहिली.

गुरुवारी सकाळी पद्माकर बाहेर पडताना म्हणाला, "मेल लिहून ठेवलाय. संध्याकाळी आलो की पाठवतो. हो ना?"

"हो म्हटलं ना."

"म्हटलंस खरं. पण असं म्हणालीस की माझ्यावर उपकार करतेयस."

तो गेल्यावर तिने पर्समधली हॉलची किल्ली काढली. दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ ठेवून गाव सोडायचं नाही, एवढी शिस्त तिला होती. द्यायची आणि लगेच परत फिरायचं, असं ठरवून ती निघाली.

ग्लेनिस स्वयंपाकघरात एकटीच होती. समोर कांद्यांचा ढीग, बाजूला पातेलं. "उशीर केलास," ती मान वर न करता म्हणाली.

सुचित्राने किल्ली तिच्यासमोर स्टीलच्या ओट्यावर ठेवली.

"हे काय?"

"आम्ही सिडनीला चाललोय."

"कधी?"

"आज संध्याकाळी ठरेल."

ग्लेनिसने किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग संध्याकाळपर्यंत हे कांदे चिर," ती म्हणाली आणि सुरी पुढे केली.

अशा बाईला नाही कसं म्हणणार? सुचित्रा कांदे चिरायला उभी राहिली. चिरता चिरता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पाणी येतंच आहे तर बोलून टाकावं असं तिला वाटलं.

"मी रविवारी चाखलं नाही, त्याला कारण होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे देवाला द्यायचं अन्न आधी कुणी चाखत नाही. चाखलं की ते उष्टं होतं. पहिलं त्याला द्यायचं, मग आपण खायचं."

ग्लेनिस थांबली. "पण ते सूप देवासाठी नव्हतं. मर्वसाठी होतं."

"माहीत आहे. त्या वेळी लक्षात आलं नाही." तिने मनगटाने डोळे पुसले, ते आणखी चुरचुरले. "आणि मी तुमच्यातली नाही. माझा देव माझ्या घरी आहे. त्याच्यासमोर मी हे हल्ली पाळतसुद्धा नाही. इथे कसं पाळलं, मला कळत नाही. मला तुमची लाज वाटते आणि त्याचीही वाटते. म्हणून मी रविवारी तशीच निघून गेले."

ग्लेनिसने हात फडक्याला पुसले. मग म्हणाली, "मला कधी आत बसलेलं पाहिलंस? रविवारी?"

"तुम्हाला काम असतं."

"स्कोन ओव्हनमध्ये गेल्यावर काय काम असतं गं?" ती खुर्ची ओढून बसली. सुचित्राने तिला या स्वयंपाकघरात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "डग गेला, माझा नवरा, तेव्हा त्याची शवपेटी तिथे पुढे ठेवली होती, वेदीच्या पायरीशी. त्यानंतर मी त्या दाराच्या आत गेलेले नाही. रागावले होते मी."

"त्यांच्यावर?"

"दोघांवर. डगवर आणि त्याच्यावर." तिने हनुवटीने भिंतीपलीकडे दाखवलं. "राग केव्हाच गेला. पण आता आत जायचं तर काय म्हणून जायचं, ते सुचत नाही. आणि कुणी विचारत नाही, जेवण वेळेवर मिळतंय ना. सगळ्यांना वाटतं ग्लेनिस म्हणजे या चर्चचा खांब. खांब कुठे आत जाऊन बसतो?"

सुचित्रा सुरी हातात धरून तशीच उभी राहिली. या बाईच्या हाताखाली तिने सबंध हिवाळा आणि उन्हाळा काढला होता. सगळ्यांत आतली कोण म्हणशील तर ही, असं ती समजून चालली होती. आणि हीसुद्धा तिच्यासारखीच, गाणी भिंतीतून ऐकत होती. सुचित्राला वाईट वाटलं आणि त्याचबरोबर, खरं सांगायचं तर, हलकंही वाटलं.

"कांदे," ग्लेनिस म्हणाली. सुचित्रा पुन्हा चिरू लागली.

सूप शिजलं. हॉलमध्ये माणसं जमायला लागली, खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. ग्लेनिसने मीठ घातलं, ढवळलं आणि नेहमीप्रमाणे चमचा उचलला. तो तोंडाशी नेऊन थांबली. मग न चाखताच चमचा ओट्यावर ठेवला.

"त्याला द्यायचं म्हणजे काय करायचं असतं?"

सुचित्राला क्षणभर कळलंच नाही. "वाटीत काढायचं," ती म्हणाली. "त्याच्यासमोर ठेवायचं. थोडा वेळ थांबायचं. मग परत आणायचं आणि सगळ्यांत मिसळायचं."

"परत आणायचं? तो खात नाही?"

"खाल्लं असं आपण धरतो."

"मर्वपेक्षा बरा आहे," ग्लेनिस म्हणाली. तिने एक सुपाचा बोल काढला, पांढरा, कडेला टवका न उडालेला बघून. त्यात डावभर सूप ओतलं.

"मी नेऊ?" सुचित्राने विचारलं.

"तुझी कुठे ओळख आहे अजून त्याच्याशी," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच करडा होता. "माझी आहे. जुनी."

तिने मधलं दार खांद्याने ढकललं आणि ती आत गेली.

सुचित्रा दारात उभी राहून बघत होती. ग्लेनिस दोन्ही हातांनी बोल धरून मधल्या वाटेने चालली होती, सांडू नये म्हणून अगदी हळू. पायरीशी ती थांबली. इतका वेळ थांबली की ही आता मागे फिरणार असं सुचित्राला वाटलं. मग ग्लेनिसने पाऊल उचललं, वर चढली, बोल वेदीवर ठेवला. रविवारची ज्वारी अजून तिथेच होती. ती खाली उतरली आणि पहिल्या बाकावर बसली.

इकडे हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मर्व वाढायच्या खिडकीशी येऊन डोकावला. "सूप कुठंय, लव्ह? भूक लागलीय."

"थांबा जरा," सुचित्रा म्हणाली. "अजून दिलेलं नाही."

"कुणाला?"

तिने मधल्या दाराकडे पाहिलं. मर्वला काय वाटलं कोण जाणे, त्याने आत वाकून पाहिलं, त्या बाकावरची पांढऱ्या केसांची पाठ पाहिली, आणि तो मुकाट्याने जागेवर जाऊन बसला. त्याने बाकीच्यांना काय सांगितलं ते सुचित्राला ऐकू आलं नाही, पण हॉलमधला आवाज खाली आला. सूप निवत होतं. सुचित्राचे हात डाव धरायला शिवशिवत होते, पाय आत जायला ओढ घेत होते. ती गेली नाही. ती जागेवर उभी राहिली, हात जोडून, आणि कुणाला जोडले हे या वेळी तिने स्वतःला विचारलं नाही.

ग्लेनिस परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "कांदे," ती म्हणाली. तिने बोलमधलं सूप पातेल्यात ओतलं, ढवळलं, आणि मग दोघींनी एकेक चमचा घेतला.

"मीठ कमी आहे," ग्लेनिस म्हणाली.

"खूपच," सुचित्रा म्हणाली, आणि रविवारपासून पहिल्यांदा हसली. टेबलांवर मिठाच्या डब्या ठेवल्या, एवढंच काय ते करावं लागलं. मर्वने दोन बोल खाल्ले.

भांडी घासून झाल्यावर ओट्यावर किल्ली तशीच पडलेली होती. ग्लेनिसने तिच्याभोवती फडकं फिरवून ओटा पुसला, किल्लीला हात न लावता, आणि आपला कोट घेऊन निघून गेली. हॉल बंद करायला सुचित्रा एकटीच उरली. तिने किल्ली उचलली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी पद्माकर आला तेव्हा घरात खमंग फोडणीचा वास होता. त्याने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला आणि ताटावर बसला. ताट रिकामंच होतं. सुचित्रा फ्रीजशेजारच्या फळीसमोर उभी होती. चहाचा डबा तिथून हलवलेला होता आणि त्याच्या जागी वाटीत आमटी होती, शेजारी भाताची मूद.

"हे काय आज? सण आहे का?"

"नाही."

"मग जेवायला दे की. भूक लागलीय."

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून दिलेलं नाही."

तो थांबला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. डबे, पडदे, अंगण असा सबंध आठवडा धावलेली बाई आता एका जागी उभी होती. मग तिने वाटी परत आणली, आमटीत मिसळली, त्याला वाढलं, स्वतःला वाढलं आणि समोर बसली.

पद्माकरने पहिला घास घेतला आणि तो चावता चावता थांबला. "चाखली नाहीस वाटतं?"

"नाही."

त्याने घास गिळला. लॅपटॉपवर मेल तसाच उघडा होता.

"तो मेल पाठवू नकोस," सुचित्रा म्हणाली. "दुसरा लिही. नाही म्हणून."

"चार वर्षं माझं डोकं खाल्लंस त्याचं काय?"

"ते खाल्लं. आता गाडी शिकव."

त्याला सिडनी कधीच नको होतं, पण ते आत्ता बोलण्यात अर्थ नव्हता. त्याने एका बोटाने लॅपटॉप मिटला आणि ताटाकडे वळला.

"मीठ दे इकडे," तो म्हणाला.